माणसाला जगायला नक्की किती खावं लागतं? साताऱ्याच्या बुध गावातल्या माणसाने मांडलेला हिशोब, ज्यावरून देशात वाद पेटला

मोबाईलमध्ये एखादं डाएटचं ॲप घेतलं की ते सगळ्यात आधी एक आकडा दाखवतं. तुम्हाला दिवसाला २००० कॅलरी लागतात. कुणाला १८००, कुणाला २२००. तो आकडा ओलांडला की लाल, आत राहिला की हिरवा.

आता कोल्हापूरच्या कुठल्याही तालमीत जाऊन बघा. एकाच वयाचे, एकाच वजनाचे दोन पैलवान. दोघांच्या जोर-बैठका सारख्या, लढती सारख्या. पण एकाचा खुराक दुसऱ्याच्या सव्वापट असतो आणि तरीही दोघांचं वजन वर्षभर तेवढंच राहतं. वस्तादांना याचं काही विशेष वाटत नाही. ज्याची त्याची ताकद, ज्याचं त्याचं पोट, असं म्हणून ते सोडून देतात.

पण एका मराठी माणसाला हे सोडून देता आलं नाही. माणसामाणसांत फरक असतो आणि एकाच माणसात रोज फरक पडतो, मग अख्ख्या देशाची भूक एकाच आकड्याने मोजायची कशी, हा प्रश्न त्याने उभा केला. त्याच्या उत्तराने भारतात गरीब किती आणि उपाशी किती याचा हिशोबच हलला. त्यावरून इतका वाद झाला की तो अजून पूर्ण मिटलेला नाही.

त्यांचं नाव पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

२७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात त्यांचा जन्म झाला. बुध हे खटाव तालुक्यातलं गाव. खटाव आणि माण म्हणजे पश्चिम महाराष्ट्राचा दुष्काळी पट्टा. कोल्हापूरला पंचगंगेचं पाणी उसात फिरतं, तेव्हा तिकडे ज्वारी-बाजरी आभाळाकडे डोळे लावून बसलेली असते. पाऊस चुकला की ताटातली भाकरी कमी होते, हे तिथल्या पोराला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १९३२ साली गणित घेऊन ते पदवीधर झाले. पुढच्याच वर्षी लंडनला, युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. त्या काळात संख्याशास्त्र शिकायला याहून चांगली जागा जगात नव्हती. रोनाल्ड फिशर, इगॉन पिअर्सन आणि येर्झी नेमन ही तीन मोठी माणसं तिथे एकाच वेळी होती आणि त्यांचं एकमेकांशी फारसं पटतही नव्हतं. सुखात्म्यांनी सगळ्यांकडून घेतलं. १९३६ साली पीएचडी झाली, १९३९ साली डीएस्सी.

त्यांचा विषय होता नमुना निवड. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तेच. फक्त कुठलं शित उचलायचं, किती उचलायची आणि त्यावरून सांगितलेलं उत्तर कितपत चुकू शकतं, हे गणिताने सांगायचं.

१९४० साली ते दिल्लीला शेती संशोधन परिषदेत रुजू झाले. आज जिला आपण आयसीएआर म्हणतो, ती संस्था. तेव्हा ती इंपीरियल होती.

आणि तिथे त्यांची गाठ पडली आणेवारीशी.

आणेवारी माहीत नाही असा शेतकरी महाराष्ट्रात सापडणार नाही. पीक सोळा आणे आलं की भरपूर, सहा आणे आलं की दुष्काळ. पण हा आकडा ठरायचा कसा? महसूल खात्याचा माणूस शिवारात यायचा, बांधावर उभा राहायचा आणि नजरेने सांगायचा. सारा वसूल करायचा असेल तर नजर एकीकडे झुकायची, सूट द्यायची असेल तर दुसरीकडे. गावोगावचे असे अंदाज गोळा होऊन वर जायचे आणि त्यांची बेरीज म्हणजे हिंदुस्थानचं धान्य उत्पादन.

१९४३ साली बंगालमध्ये काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. लाखो माणसं भुकेने आणि रोगराईने मेली. त्या दुष्काळाची कारणं अनेक होती. युद्ध, साठेबाजी, भाववाढ, सरकारची बेफिकिरी. पण प्रांतात धान्य आहे तरी किती, हे कुणाला खात्रीने सांगता येत नव्हतं, हेही तेवढंच खरं.

सुखात्म्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नजर बाजूला ठेवली आणि विळा हातात घेतला. गावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची. गावातलं शेत तसंच निवडायचं. शेतातला तुकडाही तसाच. त्या तुकड्यातलं पीक कापायचं, मळायचं आणि तराजूत घालायचं. आज आपल्याकडे तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक शेतात दोरी लावून जो पीक कापणी प्रयोग करतात, ती पद्धत देशभर बसवण्यात सुखात्म्यांचा वाटा फार मोठा आहे. पीक विम्याचा दावा ज्या उंबरठा उत्पन्नावरून मंजूर किंवा नामंजूर होतो, ते उत्पन्नही याच प्रयोगांतून येतं.

इथेच त्यांचा पहिला मोठा वाद झाला आणि तोही थेट प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याशी. भारतीय संख्याशास्त्राचे पितामह म्हणतात ते हेच. महालनोबीस बंगालमध्ये पिकाची मोजणी करताना शेतात काही फूट त्रिज्येचं छोटं वर्तुळ कापत. काम झटपट व्हायचं, खर्च कमी यायचा. सुखात्म्यांचं म्हणणं होतं की तुकडा जितका छोटा तितका कडेचा घोटाळा मोठा. रेषेवर उभं असलेलं रोप आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. मोठ्या तुकड्यात अशी दहा-वीस रोपं इकडची तिकडे झाली तरी फरक पडत नाही, पण छोट्या वर्तुळात त्यानेच उत्पन्न फुगतं. १९४६ साली त्यांनी हे नेचर या नियतकालिकात आकड्यांनिशी छापलं.

दुसरा मुद्दा माणसांचा होता. महालनोबीस स्वतःचे खास प्रशिक्षित लोक पाठवत. सुखात्मे गावात आधीपासून असलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांकडूनच काम करून घ्यावं असं म्हणत. देश मोठा, पैसा थोडा, मग नवी फौज कुठून आणणार? हा झगडा वर्षानुवर्षं चालला. तुकड्याच्या बाबतीत मात्र आजचा पीक कापणी प्रयोग सुखात्म्यांच्या बाजूने बोलतो. भातासाठी साधारण दहा मीटर बाय पाच मीटरचा चौकोन घेतात, वर्तुळ नव्हे.

१९४७ साली भारतीय कृषी सांख्यिकी सोसायटी उभी राहिली. तिचे अध्यक्ष होते राजेंद्र प्रसाद, आणि संस्था उभी करण्यात पुढाकार होता सुखात्म्यांचा. दिल्लीत त्यांनी जो विभाग वाढवला त्यातूनच पुढे कृषी सांख्यिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था झाली.

१९५१ साली त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत, म्हणजे एफएओमध्ये बोलावणं आलं. संघटना त्याच वर्षी वॉशिंग्टनहून रोमला हलत होती. खटाव तालुक्यातला माणूस जगाच्या धान्याचा हिशोब ठेवणाऱ्या विभागाचा संचालक झाला. पुढची जवळपास दोन दशकं ते तिथेच होते.

तेव्हा जगात एक वाक्य फार गाजत होतं. जगातली दोन तृतीयांश माणसं उपाशी आहेत. एफएओचे पहिले महासंचालक जॉन बॉइड ऑर यांच्या नावाने ते फिरायचं. मदत मागायला हे वाक्य फार उपयोगी होतं. पण कॉलिन क्लार्कसारखे अर्थतज्ज्ञ विचारू लागले की बाबांनो, हे मोजलं कुणी?

संघटनेची अब्रू पणाला लागली होती. महासंचालक तेव्हा बिनय रंजन सेन हे भारतीयच होते आणि भूकमुक्तीची जागतिक मोहीम सुरू झाली होती. अशा वेळी आपल्याच संघटनेचा लाडका आकडा तपासणं हे सोपं काम नव्हतं. सुखात्म्यांनी ते केलं. १९६१ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीसमोर त्यांनी जगाच्या भुकेवरचा निबंध मांडला.

त्यात त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक म्हणजे पोटाला पुरेसं न मिळणं. दुसरी म्हणजे पोट भरतं, पण अन्न निकस असतं. पहिल्या प्रकारात जगातली १० ते १५ टक्के माणसं येतात आणि दोन्ही मिळून साधारण निम्मी, असं त्यांचं उत्तर होतं. दोन तृतीयांश उपाशी हे वाक्य टिकलं नाही, पण भूक हा थोतांड प्रश्न आहे असं म्हणणाऱ्यांचंही काही चाललं नाही. या निबंधासाठी १९६३ साली त्यांना सोसायटीचं रौप्य गाय पदक मिळालं.

आज दरवर्षी जगात इतके कोटी लोक कुपोषित अशी बातमी येते ना, त्या आकड्यामागची रीत याच निबंधापर्यंत मागे जाते. देशातल्या लोकांच्या आहाराचं वाटप कसं आहे ते बघायचं, किमान गरजेची एक रेषा ओढायची आणि तिच्याखाली किती जण येतात ते काढायचं. पुढच्या लोकांनी तिच्यात बरीच दुरुस्ती केली, पण सांगाडा तोच आहे.

पुढचा वाद प्रोटीनचा होता.

साठच्या दशकात जगाला प्रोटीनचं वेड लागलं होतं. आजच्या जिममधल्या डब्यांइतकंच, फक्त सरकारी पातळीवर. गरीब देशांतली मुलं खुरटतात कारण त्यांना प्रोटीन मिळत नाही, असा सगळ्यांचा समज होता. १९६८ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांत प्रोटीनचं संकट टाळण्याचा अहवाल आला. माशांची भुकटी, खनिज तेलावर वाढवलेले सूक्ष्मजीव, असले एकेक उपाय पुढे येत होते.

सुखात्म्यांनी भारतातल्या आहाराच्या पाहण्या पुन्हा चाळल्या. त्यांना दिसलं की ज्यांच्या ताटात प्रोटीन कमी आहे त्यातल्या बहुतेकांच्या ताटात मुळात अन्नच कमी आहे. शरीराला चूल पेटती ठेवायला सरपण लागतं. सरपण संपलं की ते घराचे वासे जाळायला घेतं, म्हणजे खाल्लेलं प्रोटीनही ऊर्जेसाठी जाळून टाकतं. अशा मुलाला प्रोटीनची महाग भुकटी देऊन काय होणार? आधी त्याला पोटभर भाकरी-आमटी द्या, त्यातूनच बहुतेकांची प्रोटीनची गरज भागते. १९७० साली त्यांनी हे ब्रिटनच्या पोषणविषयक नियतकालिकात मांडलं. चारच वर्षांत लॅन्सेटमध्ये प्रोटीनच्या त्या सगळ्या मोहिमेला फजिती ठरवणारा लेख आला. डॉ. सी. गोपालन यांच्यासारखे भारतीय पोषणतज्ज्ञही प्रोटीनच्या बाबतीत याच बाजूचे होते. हे लक्षात ठेवा, कारण हेच गोपालन पुढे त्यांच्या विरोधात उभे राहिले.

१९७१ साली सुखात्म्यांना पद्मभूषण मिळालं. रोमचा कारभार आटोपून ते पुण्यात परतले आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत संशोधन करू लागले.

त्याच वर्षी पुण्याच्याच गोखले इन्स्टिट्यूटमधून वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास आला. माणसाला रोज सरासरी २२५० कॅलरी मिळाव्यात एवढा खर्च ज्यांना जमत नाही ते गरीब, असं त्यांनी धरलं. त्या हिशोबाने १९६०-६१ मध्ये खेड्यातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले सुमारे ५० टक्के लोक गरीब निघाले. पुढे १९७९ मध्ये सरकारी कार्यगटाने खेड्यासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० कॅलरी अशी रेषा ठरवली.

मधल्या काळात १९७२ चा दुष्काळ येऊन गेला. महाराष्ट्र खडी फोडत होता, पोरं सुकडी खात होती. भुकेचा आकडा हा तेव्हा कागदावरचा विषय उरलेला नव्हता. रोजगार हमी, रेशन, पोषण आहार, सगळ्यासाठी आधी विचारलं जायचं की गरजू किती?

सुखात्म्यांनी या रेषेवरच बोट ठेवलं. सरासरी म्हणजे किमान नव्हे, असं त्यांचं म्हणणं. निरोगी माणसांच्या गर्दीतही निम्मे सरासरीच्या खाली खाणार, त्याला सरासरी म्हणतात म्हणूनच. मग त्या निम्म्यांना उपाशी कसं म्हणायचं?

यापुढचं त्यांचं म्हणणं जास्त धक्कादायक होतं. फरक दोन माणसांतच असतो असं नाही, एकाच माणसाची गरजही दिवसागणिक हलते. बर्कलेमधले डॉक्टर शेल्डन मार्गन यांनी काही लोकांना बंदिस्त वॉर्डात ठेवून, मोजूनमापून तेच अन्न देऊन नोंदी ठेवल्या होत्या. तेच अन्न, तेच काम, तरी शरीरातली जमा आणि खर्च रोज सारखी नसायची. कधी आठवडाभर जमा जास्त, कधी खर्च जास्त आणि वजन मात्र जवळपास तिथल्या तिथे. सुखात्म्यांनी त्या नोंदींना संख्याशास्त्र लावलं. त्यांना त्यात निव्वळ योगायोगाचे चढउतार दिसले नाहीत, स्वतःला सांभाळणारी यंत्रणा दिसली. कमी मिळालं तर शरीर काटकसर करतं, जास्त मिळालं तर सैल हाताने खर्च करतं. १९७८ ते १९८२ दरम्यान दोघांनी अमेरिकेच्या पोषणविषयक नियतकालिकात हे छापलं. अभ्यासक त्याला सुखात्मे-मार्गन सिद्धांत म्हणतात.

आता याचा धोरणाला लावलेला अर्थ बघा. हा चढउतार साधारण १५ टक्क्यांचा धरला आणि रेषा त्याच्या दुप्पट खाली ओढली, तर ती सरासरीच्या ७० टक्क्यांवर येते. सरासरी गरज २३०० असेल तर १६०० च्या आसपास. त्याखाली जो आहे तो नक्की उपाशी, वरच्यांबद्दल तसं म्हणता येणार नाही. एका फटक्यात कोट्यवधी माणसं उपाशी लोकांच्या यादीतून बाहेर.

आणि मग रान पेटलं.

दांडेकर गप्प बसणाऱ्यातले नव्हते. १९८१ साली इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत त्यांनी उत्तर दिलं. त्यांचा मुद्दा साधा आणि घट्ट होता. आपण एकेका माणसाला वजनकाट्यावर उभं करून आजारी ठरवत नाही. आपण एका खर्चगटातल्या लाखो लोकांची सरासरी बघतो. ज्यांना जास्त लागतं आणि ज्यांना कमी लागतं ते दोघेही त्या गटात आहेत. मग गटाची सरासरी गरज हीच त्याची मोजपट्टी असणार. लाखो लोकांचा गट सरासरी १७०० वर जगतोय, तर त्या सगळ्यांना योगायोगाने कमीच लागतं असं मानायचं का? शिवाय गरिबी म्हणजे नुसतं अन्न नव्हे.

पोषणतज्ज्ञांचा राग वेगळा होता. शरीर काटकसर करतं हे खरं, पण कशाची? गोपालन आणि इतरांचं म्हणणं होतं की मूल खेळायचं कमी होतं, मजूर दुपारनंतर बसून राहतो, बाळ कमी वजनाचं जन्मतं. याला जुळवून घेणं म्हणायचं की हळूहळू झिजणं? त्यातच अमेरिकन अर्थतज्ज्ञ डेव्हिड सेकलर यांनी लहान चणीची माणसंही निरोगी असू शकतात असा सिद्धांत मांडला आणि सुखात्म्यांचं नाव त्याला चिकटलं. गरिबाचं पोर खुरटलंय ते चांगलंच आहे, असं सांगणाऱ्यांच्या रांगेत त्यांना बसवलं गेलं.

यात सुखात्म्यांवर थोडा अन्याय झाला. भूक नाही असं ते म्हणत नव्हते. नक्की उपाशी असलेल्यांना आधी गाठा, असा त्यांचा आग्रह होता. दुसरं म्हणजे, नुसतं धान्य वाटून उपयोग नाही हे त्यांनी फार लवकर ओळखलं. पाणी घाण, शौचालय नाही, पोटात जंत, मुलाला महिन्यातून दोनदा जुलाब. मग खाल्लेलं अंगी लागणार कसं? धान्यासोबत स्वच्छ पाणी आणि सांडपाण्याची सोय करा, हे ते पुण्यात आल्यापासून सांगत होते. तेव्हा ते आकड्यांच्या भांडणात बुडून गेलं. उघड्यावरची हागणदारी आणि मुलांची खुरटलेली उंची यांचा संबंध अभ्यासकांनी जोरात मांडायला सुरुवात केली, ती बऱ्याच वर्षांनी.

पण त्यांच्या मूळ सिद्धांतातली भेग पुण्यातच उघडी पडली. १९९३ पासून केईएम हॉस्पिटलच्या संशोधकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण हाताला बारीक लागणाऱ्या या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी मात्र फारशी कमी नव्हती. दिसायला काटकुळी, आतून चरबीची. अशा बाळांना मोठेपणी मधुमेहाचा धोका अधिक, असं पुढे समोर येत गेलं. म्हणजे शरीराने आईच्या पोटातच केलेली काटकसर फुकट नसते, तिची वसुली चाळिशीत होते. आज बारीक हातापायांची, सुटलेल्या पोटाची आणि साखर वाढलेली माणसं घरोघरी आहेत. त्यांच्यासाठी उपासमार आणि लठ्ठपणा हे दोन वेगळे विषय राहिलेले नाहीत.

गंमत म्हणजे त्यांचा दुसरा अर्धा मुद्दा मात्र टिकला. माणसाची गरज हा आकडा नसून पट्टा आहे, हे आता वादाचं राहिलेलं नाही. एफएओ उपाशी माणसांचा हिशोब करताना आजही सरासरी गरज वापरत नाही. उंचीला साजेल असं कमीत कमी निरोगी वजन आणि हलकं काम धरून किमान रेषा ओढते. त्यावर टीका होते ती जवळपास दांडेकरांच्याच शब्दांत, की राबणाऱ्या माणसाला हलक्या कामाचा हिशोब कसा लावता?

२८ जानेवारी १९९७ रोजी सुखात्मे वारले. दांडेकर त्याआधी दीड वर्षं गेले होते.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी मंत्रालयाने २००० साली ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञांसाठी राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला आणि त्याला सुखात्म्यांचं नाव दिलं. तो दिला जातो राष्ट्रीय सांख्यिकी दिनाला, २९ जूनला. त्या दिवशी महालनोबीसांचा वाढदिवस असतो.